स्टेशनच्या इतिहासात घोड्याचं नाव आहे

ज्या स्टेशनासाठी मी नागपूरहून लंडनला गेले, त्याचं नाव इथं लिहिणार नाही. परत आल्यापासून कॉलनीतले सगळे विचारतात, कोणतं हो स्टेशन, आमचाही मुलगा तिकडेच असतो. नाही सांगत, जा. त्यांनी माझ्या बाबांचं नाव लिहिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही. फिट्टंफाट.

तशी मी फिरणारी बाई नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले, आणि रिटायर झाल्यावर फार तर चैत्यभूमीपर्यंत जाऊन आले. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ मात्र अठ्ठावीस वर्षांपूर्वी लंडनला गेला तो तिकडचाच झाला. तिथल्या लाइट रेल्वेत नोकरीला आहे. लाइट रेल्वे म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधलं लेकरू समजा. दोन-तीन डबे, पुलावरून धावतात, आणि गंमत म्हणजे ड्रायव्हरच नसतो. एक माणूस डब्यात फिरतो, दारं लावतो, तिकिटं बघतो. सिद्धूनं आयुष्यभर तेच केलं.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला की त्याच्या एका स्टेशनचा इतिहास भिंतीवर लागणार आहे. मोठे फलक, जुने फोटो, जुन्या माणसांच्या आठवणी. त्या आठवणींत त्याचीही एक आहे. "ताई, आपल्याकडचा तो रेल्वेचा फोटो पाठव ना," म्हणाला. रेल्वेचा फोटो आमच्याकडं एकच. उमरेडच्या बाजूला छोट्या गाडीची लाइन होती, तिच्यावर बाबा गँगमन होते. स्टेशनमास्तरांची बदली झाली तेव्हाचा फोटो. मधोमध खुर्चीत पाठक मास्तर, मांडीवर टोपी. शेजारी दोन बाबू. आणि डाव्या टोकाला, हातभर अंतर सोडून, आमचे बाबा, शिवराम गजभिये. हातोडा आतल्या बाजूला टेकवलेला, दांड्यावर डावा हात. त्या हाताची करंगळी अर्धी आहे, रुळाखाली सापडली होती. हातभर अंतर सोडा म्हणून फोटोग्राफरनं सांगितलं नव्हतं. ते न सांगताच सोडायचं असे.

मी फोटोचा फोटो काढून पाठवला आणि विसरले. मग सिद्धूची मुलगी मैत्रेयी, बावीस वर्षांची, तिचा फोन. "आत्या, मी तुझा तिकीट काढला! ओपनिंगला तू पाहिजे. पप्पाला सरप्राइज!"

बाबांचा फोटो लंडनच्या स्टेशनवर लागणार. ज्या माणसानं जन्मभर रूळ ठोकले आणि ज्याला कधी कोणी खुर्ची दिली नाही, त्याचं नाव साहेबाच्या देशात भिंतीवर. मी वर्गात शिकवताना इतक्या लोकांची नावं पोरांकडून पाठ करून घेतली, आता एक नाव आमचं. मी एवढ्यासाठीच गेले, दुसरं काही बघायचं नव्हतं मला. मूळ फोटो फाइलीत घालून साड्यांच्या मधे ठेवला. सोबत मुगाच्या वड्या आणि सावजी मसाला. मसाल्याची पुडी बॅगेतच फुटली. फाइल वाचली, पण साड्यांना जो वास बसला तो अजून गेला नाही.

वेम्बली

सिद्धूचं घर वेम्बलीत. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, पुढं कचऱ्याचे तीन रंगांचे डबे. कचऱ्याचीसुद्धा वर्गवारी करतात बापा. डब्याचं झाकण चुकलं तर कौन्सिलवाले चिठ्ठी चिकटवून जातात. मला पाहून सिद्धूचा चेहरा आनंदानं फुलेल असं वाटलं होतं. फुलला, पण अर्धाच. मी म्हटलं, वय झालंय पोराचं. त्याची बायको लीड्सला हॉस्पिटलात नोकरीला असते, सुट्टीला येते. तिचा फोन आला तर ती एवढंच म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही आलात. मी बोलून बोलून थकले." कशाबद्दल, ते काही सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फटीतून पत्रं पडली. मी उचलली. तिन्ही पत्रांवर मिस्टर एस. पाठक.

"सिद्धू, शेजाऱ्याची पत्रं आपल्याकडं टाकलीत रे."

तो चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, "माझीच आहेत."

पुढचा अर्धा तास मी खुर्चीत आणि तो ओट्याशी उभा राहून सांगत होता. नवा आला तेव्हा खोली शोधत होता. आपली माणसं जवळ असावीत म्हणून आपल्याच माणसांकडं गेला. पहिल्या घरी नाव सांगितलं, म्हणाले कळवतो. दुसऱ्या घरी म्हणाले, खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय. तिसऱ्या घरी बाईंनी आडनाव दोनदा विचारलं आणि मग शाकाहारी आहात का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला, तरी नाहीच. थंडीचे दिवस, अंगात नागपूरचा स्वेटर. चौथ्या दारात "आडनाव?" विचारलं आणि त्याच्या तोंडून निघालं, पाठक.

"मास्तरांचं?" मी म्हटलं. "ज्यांच्या घरी बाबांना वरून ओंजळीत पाणी ओतायचे, त्यांचं?"

"तेच तोंडात आलं, ताई. त्यांच्या ओसरीवर बसून अभ्यास केला होता ना मी. त्याच संध्याकाळी खोली मिळाली. काकूंनी पानावर बसवलं, आमटी-भात वाढला." जरा थांबून म्हणाला, "आमटी फार चांगली होती. तेच वाईट झालं."

मग पुढं त्यानं रीतसर कागद केला. इथं नाव बदलायला दोन साक्षीदार पुरतात. सिद्धार्थ गजभियेचा सिड पाठक झाला. मैत्रेयी शाळेत गेली ती पाठक म्हणूनच. तिला काय सांगितलंस, विचारलं. "काही नाही. तिनं कधी विचारलं नाही."

मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्यातला थोडा माझ्यावरही होता. पुण्याला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा खोलीतल्या बायकांना मीही नुसतं 'सुमन शिवराम' सांगितलं होतं. दहा दिवस निभावलं. यानं अठ्ठावीस वर्षं निभावलं, एवढाच फरक.

"बोर्डावरही पाठकच आहे, ताई. तिथं आपली दोन मराठी कुटुंबं यायची आहेत. तेवढं सांभाळून घे."

मी म्हटलं, "आडनाव तुझं, तू कुठं फेकायचं तिथं फेक. मी तोंड उघडणार नाही. पण बाबांचं नीट केलंयस ना?"

"बाबांचा फोटो आहे," तो म्हणाला आणि कप धुवायला लागला. धुतलेलाच कप होता तो.

ईलिंग रोड

नंतरचे दोन दिवस त्यानं मला ईलिंग रोडवर हिंडवलं. देवळं, सराफ, साड्या, पेट्यांत रचलेली भेंडी-कारली. कोथिंबिरीची जुडी अशी की हात लावायला भीती वाटावी. आमच्या इतवारीतला भाजीवाला एवढ्या आदरानं कोथिंबीर बघेल तर हसून मरेल. लोक रांगेत उभे राहून एकमेकांना सॉरी म्हणतात. धक्का मी दिला, सॉरी तो म्हणाला. मला वाटलं, या देशात सॉरी म्हणायला काही लागत नाही.

एका दुकानात पोहे निवडताना मागून आवाज आला, "अय्या, पाठकांच्या ताई ना तुम्ही? मैत्रेयीनं सांगितलं." गोऱ्यापान, हसऱ्या, पन्नाशीच्या बाई. नीलाताई, मूळच्या पुण्याच्या, सिद्धूच्या ओळखीच्या. पोरीला लहानपणी यांनीच शुभंकरोती शिकवली म्हणे. "नागपूरचे पाठक म्हणजे महालातल्या जुन्या वाड्यांतले का हो?"

मी म्हटलं, "आम्ही इंदोऱ्याचे."

इंदोरा म्हटलं की नागपूरच्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. जय भीम म्हणायचं की नाही ते लगेच ठरतं. सिद्धूनं पोह्याचं पाकीट इतकं घट्ट धरलं की ते फाटायचंच बाकी राहिलं. नीलाताईंना काहीच कळलं नाही. "हो का, छान!" म्हणाल्या आणि मला चकलीचं पाकीट भेट दिलं. वाईट बाई नव्हत्या हो. तेच तर. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुलावरचं स्टेशन

शनिवारी निघालो. वेम्बली पार्कहून जुबिली लाइननं जवळजवळ तासभर पूर्वेला, मग लाइट रेल्वे. ड्रायव्हर नाही म्हणून सगळ्यात पुढच्या बाकावर कोणीही बसावं, समोर नुसती काच. लहान पोरं तिथं बसून गाडी चालवल्याचं नाटक करतात. मैत्रेयीनं मला तिथं बसवलं. खाली जुन्या गोद्या, पाण्यात उभ्या काचेच्या इमारती. रूळ असे सरळ की बाबांनी पाहिले असते तर खाली उतरून हात फिरवला असता. मी पोरीला म्हटलं, "तुझे आजोबा असते तर ही गाडी थांबवून त्यांनी आधी खडी तपासली असती." ती हसली. "आजोबा खडी का तपासणार? ते तर बॉस होता ना?"

मी तिच्याकडं बघितलं. सिद्धू मागच्या बाकावर होता, तो खिडकीतून बाहेर बघत होता. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

स्टेशन म्हणजे काही व्हीटी नव्हे. विटांच्या जुन्या कमानींवर एक प्लॅटफॉर्म, छोटं छप्पर, एक लिफ्ट. पण या लोकांना जुन्या गोष्टीचं वेडच. पुलाच्या पायाशी तंबू ठोकलेला, चहा, केक आणि काकडीचं गार सँडविच. काकडीचं सँडविच म्हणजे दोन पावांत हवा. मी पर्समधून तिखट काढणार होते, मैत्रेयीनं हात धरला.

कमानीच्या आत सहा फलक. ते तयार करणाऱ्या बाईंचं नाव मार्गारेट. पंचाहत्तरीच्या, ग्रंथालयातून निवृत्त, बारीक, कानामागं पेन्सिल. त्यांनी मला हाताला धरून एकेक फलक दाखवला, मैत्रेयी मराठीत सांगत होती. या कमानींवरून आधी गोदीची रेल्वे जायची. गोदीत लाकडाची जहाजं आणि लाकडाचे ढीग, इंजिनाच्या ठिणगीनं आग लागेल म्हणून तेवढ्या टप्प्यात डबे घोडे ओढायचे. मग माल कमी झाला, लाइन बंद पडली, रूळ उखडले, कमानींवर झुडपं माजली. मग ही लाइट रेल्वे आली. आधी एका गाडीपुरता प्लॅटफॉर्म, मग दोन डबे, मग तीन, दर वेळी प्लॅटफॉर्म लांबवला. जुन्या दिव्याचा एक लोखंडी हात सापडला, तोही त्यांनी काचेत ठेवलाय. आमच्या छोट्या गाडीची लाइनही उखडली, मोठी टाकताहेत. तिथल्या स्टेशनाची पाटीसुद्धा कोणी उचलून ठेवली नाही.

दुसऱ्या फलकावर एक घोडा होता, शेजारी टोपीवाला माणूस. खाली लिहिलेलं, 'कॅप्टन'. "हा टोपीवाला कॅप्टन होता?" मी विचारलं. मार्गारेटबाई खुदकन हसल्या. नाही नाही, कॅप्टन हे घोड्याचं नाव. ते शोधायला त्यांना तीन आठवडे लागले, जुन्या चाऱ्याच्या वह्या चाळल्या. त्या म्हणाल्या, ज्यांनी ओझं ओढलं त्यांची नावं राहिली पाहिजेत. मला ती बाई एवढी आवडली त्या क्षणी! वाटलं, बाबा इथं योग्य हाती आलेत.

शेवटचा फलक सिद्धूचा. गणवेशातला मोठा फोटो. बाजूला आमचा फोटो, मोठा केलेला, चकचकीत. इंग्रजी मला वाचता येतं. 'सिड पाठक. रेल्वे त्यांच्या रक्तातच होती. त्यांचे वडील भारतात स्टेशनमास्तर होते.' आणि फोटोत पाठक मास्तर. खुर्ची, टोपी, मिशा. दोन बाबू. डावीकडं फोटो संपला होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. डाव्या कडेला, अगदी काठावर, हातोड्याचा दांडा आणि त्यावर एक हात उरला होता. मनगटापासून पुढचा. करंगळी अर्धी.

आग लागली माझ्या अंगाला, दुसरा शब्द नाही. सिद्धू चार पावलांवर उभा. नीलाताई आणि त्यांचे यजमान केकची बशी घेऊन शेजारीच. सिद्धूनं माझ्याकडं असं बघितलं जसं लहानपणी पाटी फोडल्यावर बघायचा. त्याला मी वचन दिलं होतं. पण ते त्याच्या आडनावाचं होतं.

मार्गारेटबाईंनी काही विचारलं, ते मैत्रेयीनं मला सांगितलं, "आत्या, ते विचारते की आजोबाचा फोटो चांगली आली का?" आणि तिचं बोट पाठक मास्तरांच्या छातीवर.

मी तिचं बोट धरलं. ते डावीकडं आणलं, काठावर, त्या हातावर टेकवलं.

"हे तुझे आजोबा. एवढेच आलेत. शिवराम गजभिये, गँगमन. खुर्चीतले ते पाठक मास्तर, ते आपले कोणी नाहीत. सांग त्यांना."

तिनं बापाकडं पाहिलं. तो खाली बघत होता. वरून एक गाडी गेली. मग पोरीनं इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं, गजभिये दोनदा म्हणाली, चुकत चुकत. मी पर्समधून फाइल काढली, मूळ फोटो मार्गारेटबाईंच्या हाती दिला. त्यात बाबा डोक्यापासून पायापर्यंत, हातभर अंतरावर.

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. मार्गारेटबाईंनी दोन्ही फोटो जवळ धरून बघितले, लाल झाल्या, सॉरी म्हणाल्या, आणि कानामागची पेन्सिल काढून लिहून घेतलं. मूळ फोटोखाली इंग्रजीत एकच नाव छापलंय, 'पाठक, स्टेशनमास्तर'. सिडचं आडनाव पाठक. त्यांनी पुरावा बघूनच ठरवलं होतं. कड कापली ती फलकाच्या मापात बसेना म्हणून. त्या बाईसाठी ही एक चूक होती, दुरुस्त करायची. मास्तर काय, गँगमन काय, त्यांना दोन्ही सारखेच. उलट गँगमनच जास्त आवडले असावेत.

आपल्या माणसांचं मात्र वेगळं. नीलाताईंनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं नाही, सिद्धूकडं बघून हळूच म्हणाल्या, "तरीच."

एवढंच. इतकी वर्षं त्या घरी त्यानं गणपतीची आरती म्हटली, यांच्या आजारपणात रात्ररात्र बसला, त्या सगळ्याची किंमत एक शब्द. पुढचा शब्दसुद्धा खर्च केला नाही बाईंनी.

परत

परतीच्या गाडीत पुढचा बाक रिकामा होता, कोणी बसलं नाही. सिद्धू म्हणाला, "मी कापला नाही फोटो, ताई. मार्गारेटनं विचारलं, हे तुझे वडील ना? मी फक्त हो म्हटलं."

"बाबा मेले त्या दिवशी इतकं वाईट नव्हतं वाटलं मला," मी म्हटलं. जीभ आवरायला हवी होती. नाही आवरली.

मैत्रेयी मधे बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, गजभियेमध्ये वाईट काय आहे?" खरंच तिला माहीत नव्हतं. मी उत्तर द्यायला गेले तर तो म्हणाला, "ताई, घरी." घरीही झालं नाही. उरलेले पाच दिवस त्यानं मला राजवाडा दाखवला, नदी दाखवली, घड्याळ दाखवलं. मी सगळं बघितलं. काय बघितलं विचाराल तर सांगता येणार नाही. निघताना मूळ फोटो मी पोरीच्या टेबलावर ठेवून आले.

मार्गारेटबाईंनी आठवड्याभरात नवा मजकूर तयार करून पाठवला. त्यात पूर्ण फोटो आहे, आणि बाबांचं नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर. फक्त नियम असा आहे की ज्याची आठवण फलकावर आहे, त्यानं दुरुस्तीच्या कागदावर सही करायची. बहिणीची चालत नाही, मुलीची चालत नाही. मी विचारून बघितलं.

तीन महिने झाले. दर रविवारी मैत्रेयी फोन करते. आता ती मला आधी जय भीम म्हणते, कुठून शिकली कोण जाणे, मी शिकवलं नाही. मग मी विचारायच्या आत सांगते, "आत्या, कागद किचनमध्येच आहे. पप्पा रोज चहा घेतो, रोज बघतो. सही नाही केला."

मी म्हणते, बरं. पुढच्या रविवारी कर फोन.